“संधी आहेत, बायकांनाच नको आहेत” म्हणे!

मांजलपूरची सून:
रावपुऱ्यातल्या एका काकांची पोस्ट काल वाचली. ते म्हणतात, देशात पंधरा वर्षं आणि त्यावरच्या बायकांत काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्यांचं प्रमाण २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होतं, २०२३-२४ मध्ये ४१.७ झालं, तरी आपल्या बडोद्यातल्या शिकलेल्या सुना घरीच. म्हणजे संधी आहेत, हौस नाही! काका, त्या ४१.७ मध्ये कोणकोण धरलंय ते बघा. घरच्या शेतात, दुकानात बिनपगारी राबणाऱ्याही त्यात आहेत, कामकाजी म्हणून मोजलेल्यांत एक तृतीयांशाहून जास्त. माझ्या सासूबाई आयुष्यभर दुकानाच्या गल्ल्यावर बसल्या, नावावर दमडी नाही. मी एम.कॉम., मकरपुऱ्यात नोकरी होती. मूल झालं आणि सोडली. प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर सक्तीचं आहे. आमच्याकडे कागदावर ४८. बाकीचे ठेकेदाराचे!

रावपुऱ्याचे काका:
ताई, माझ्या आईनं शिवणकाम करून आम्हा भावंडांना वाढवलं. कुठलं आलं होतं पाळणाघर? सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये मुलींनाही सक्तीचं शिक्षण दिलं, ते घरी बसायला?

दांडियाबाजार:
झालं, आले महाराज! महाराणी चिमणाबाईंचं नाव घ्या की. १९२७ मध्ये पुण्याला अखिल भारतीय महिला परिषद भरली तेव्हा अध्यक्ष त्याच होत्या. आणि तुमच्या आई शिवत होत्या तेव्हा तुम्हाला आजीच सांभाळत असेल ना?

रावपुऱ्याचे काका:
आजी होती. मग?

दांडियाबाजार:
मग तेच पाळणाघर! फुकटचं.

अलकापुरी:
पाळणाघराचं राहू द्या, आधी पोळ्यांचं बोला. मी शाळेत शिकवते. पोळ्यांना येणाऱ्या बेन न सांगता दांडी मारतात, वर दर सहा महिन्यांनी पगारवाढ. अर्धा पगार तिथेच जातो.

मांजलपूरची सून:
त्या बेनसुद्धा कामकाजी बाईच आहेत हो. आजारपणाची रजा भरपगारी देता का त्यांना?

अलकापुरी:
दिवाळीला साडी देते!

दांडियाबाजार:
तुमच्या शाळेनं बोनसऐवजी साडी दिली तर चालेल?

अलकापुरी:
शाळेची आणि पोळ्यांची बरोबरी? सकाळी साडेसहाला कणीक मळून बघा, मग उपदेश करा.

तिखट खाखरा:
तुमच्या घरातले पुरुष साडेसहाला काय करतात, हे कोणीच विचारत नाही. मी स्वतः पुरुष आहे. मी पेपर वाचतो.

अलकापुरी:
आमचे हे वॉकला जातात. कमाटीबागेत.

दांडियाबाजार:
बेनना महिन्याला दोन ठरलेल्या सुट्ट्या द्या, दांड्या कमी होतील. आमच्याकडे झाल्या.

अलकापुरी:
तुमच्या बेन पाठवून द्या इकडे, मग देते सुट्ट्या.

रावपुऱ्याचे काका:
४८ चा प्रकार ठाऊक नव्हता. ठीक आहे, पाळणाघराचं तुमचं खरं, पेढे वाटा. पण ज्यांना मूलबाळ नाही त्या घरी का, त्याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. सगळे पोळ्यांतच अडकलेत.