'बेबेल'मधली जादू इतिहासाला पेलते का?

निवांत वाचक:
आर. एफ. क्वांग यांची 'बेबेल' (२०२२) काल रात्री संपवली. न वाचलेल्यांसाठी थोडक्यात: १८३०च्या दशकातलं ऑक्सफर्ड, तिथे भाषांतरकारांचा मनोरा. चांदीच्या कांडीवर एका भाषेतला शब्द कोरायचा आणि सोबत दुसऱ्या भाषेतला त्याचा जोडीदार. भाषांतरात जो अर्थ निसटतो, तो चांदी प्रत्यक्षात आणते. ब्रिटिशांच्या गाड्या, जहाजं, पूल, सगळं त्यावर चालतं. कँटनहून आणलेला अनाथ रॉबिन तिथे शिकतो आणि तिथल्याच लोकांवर उलटतो. (पुढे कथानक फुटणार आहे, सांभाळून.)

कल्पना झकास, पण जादूमुळे साम्राज्य स्वस्तात सुटलंय असं माझं मत. भाषांतरकारांनी काम थांबवलं की वेस्टमिन्स्टरचा पूल कोसळतो. खऱ्या साम्राज्याला असा मनोरा होता कुठे? ज्या अफूवरून पुस्तकात युद्ध पेटतं, तीच बघा. माळव्यात पिकायची, मुंबई बंदरातून चीनला जायची, मधल्या प्रत्येक हाताला काही ना काही लागायचं. ज्यांच्या नावाचं जेजे हॉस्पिटल, ते जमशेटजी जीजीभाईही या व्यापारात होते. १८४२मध्ये ते 'सर' झाले, आणि त्याच वर्षी नानकिंगच्या तहात चीनचं हाँगकाँग गेलं. यातली कुठली कांडी मोडणार?

शब्दवेल्हाळ:
साफ असहमत. मनोरा होता, फक्त कागदाचा होता. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा, म्हणजे रॉबिनच्याच काळातला. मोल्सवर्थ कंपनीच्या फौजेतला अधिकारी, त्याच्या हाताखाली खपले आपले शास्त्रीपंडित. आज कोश कुणाच्या नावाने ओळखतो आपण?

आणि निसटणाऱ्या अर्थाचं म्हणाल तर 'उष्टं' घ्या. इंग्रजीत 'लेफ्टओव्हर' म्हटलं की विटाळ गेला, आणि आई पोराच्या ताटातलं उरलेलं खाते त्यातली मायाही गेली. क्वांग नेमकं त्या जागी बोट ठेवतात.

टवाळ:
'उष्टं'ची कांडी हॉस्टेलात असताना मिळायला हवी होती. डब्यावर ठेवली असती, कुणाची हात लावायची टाप नव्हती.

सायली_वाचते:
तुम्ही दोघं अफू आणि कोशात अडकलात. मला ही बापलेकाची गोष्ट वाटली. प्राध्यापक लव्हेल पोराला मरणाच्या दारातून उचलून आणतो, लॅटिन-ग्रीक घोकून घेतो, पण 'माझा मुलगा' म्हणून एकदाही तोंड उघडत नाही. पोराला ते चेहऱ्याच्या ठेवणीवरून कळतं. एकदा कादंबरी वाचण्याच्या नादात शिकवणी चुकते, तर शेकोटीच्या सळीने झोडपतो. आणि पोरगं तरीही त्याच घरात राहतं! पुढे जहाजावर आईचा विषय निघतो आणि रॉबिनच्या हातून बाप मरतो. तिथे मी पुस्तक मिटून उठले, पाणी प्यायले. मनोऱ्याचं काय झालं याच्याशी मला नंतर फारसं देणंघेणं उरलं नाही. तळटीपांचा मात्र कंटाळा आला, लेखिका दर दोन पानांनी कान धरते.

निवांत वाचक:
तळटीपांबद्दल +१. मोल्सवर्थचा मुद्दाही मान्य. पण शास्त्र्यांनी लेखण्या खाली ठेवल्या असत्या तर काय झालं असतं? साहेबाने पुढच्या आळीतले दुसरे शास्त्री आणले असते. कादंबरीत तसं होत नाही, कारण जादू लेखिकेच्या मदतीला धावते.

शब्दवेल्हाळ:
भाषांतरकार एकटे लढतच नाहीत हो. चांदीपायी ज्यांचं काम गेलं ते कामगार येऊन रस्ते अडवतात. आणि आधी हेच कामगार मनोऱ्यासमोर ओरडत होते, तेव्हा आपली विद्वान पोरं मान खाली घालून आत शिरली होती. त्या प्रसंगात जादू कुठे आहे?

निवांत वाचक:
तो प्रसंग वाचताना मी भरभर पुढे गेलो होतो, हे कबूल. आज रात्री परत काढतो. पुलाबद्दल मात्र माझं मत तेच.