कुत्र्याचे पाय मांजराला : हे अक्षराबद्दलच का म्हणतात?

प्रश्न : 'अक्षर म्हणजे नुसते कुत्र्याचे पाय मांजराला' असं म्हणतात. गिचमीड अक्षर एवढाच अर्थ, की त्यात आणखी काही नेमकं आहे? मूळ मोडीत असेल का?

उत्तर : नेमकं आहे, आणि फार सुरेख आहे. पूर्ण रूप 'कुत्र्याचे पाय मांजराला अन् मांजराचे कुत्र्याला'. अवयव सगळे हजर, पण एकाचे दुसऱ्याला जडलेले. घोळ घातलेल्या कामालाही हे म्हणतात, पण शोभतं ते अक्षरालाच, कारण बाळबोधीत, म्हणजे आपल्या देवनागरीत, हे खरोखर घडतं. 'कविता' लिहून पाहा. पहिल्या वेलांटीचा दांडा व च्या आधी, म्हणजे क ला खेटून उभा राहतो. वरची कमान उजवीकडे न वळता डावीकडे कलली, की झालं 'कीवता'. 'गणित'चं 'गीणत' होतं तेही असंच. व चा पाय क ला लागला!

ख ची खोड जुनीच. र आणि व जवळ आले की 'माल रवाना'चा 'माल खाना' होतो. म्हणून तर प्रमाण ख मध्ये र ची शेपटी खाली व ला जोडलेली असते. शिरोरेषा सरसकट ओढली तर भ चा म, ध चा घ होतो. 'पोतं भरलं'चं 'पोतं मरलं'.

दुसरं उत्तर : मोडीशी जोडणं मला पटत नाही. मोडीत इकार दीर्घच लिहायची रीत, त्यामुळे अक्षराच्या डावीकडे येणारी पहिली वेलांटीच नाही. मग 'कीवता' कुठून होणार? शिवाय तिथे रेघ आधीच पानभर आखतात आणि शब्दांत जागाही सोडत नाहीत. मोडी वाचताना अडतं ते शब्द कुठे तोडायचा यावर. ती अडचण निराळी.

प्रश्न : मग गिचमीड, किरटं, फराटे हे सगळं एकच ना?

उत्तर : नाही हो, हे शब्द एकात एक मिसळू नयेत. गिचमीड म्हणजे दाटीवाटीचं. किरटं म्हणजे बारीक, आखडलेलं. ते नीट वाचताही येतं. फराटे म्हणजे घाईत ओढलेल्या लांब रेघा. वाक्प्रचारातला दोष जागा चुकण्याचा आहे, म्हणून त्यावर 'मोठं काढ' हा उपाय लागू पडत नाही. दुरेघी वहीत आधी शब्दाची सगळी अक्षरं काढावीत, वेलांटीची कमान तिच्याच अक्षराच्या दंडापर्यंत न्यावी, शिरोरेषा शेवटी द्यावी आणि भ, ध, थ वर हात उचलावा. दोन शब्दांत एका अक्षराची जागा सोडावी. कित्ता गिरवताना मुलं रेघ आधी ओढून अक्षरं तिला लोंबकळवतात, तिथेच भ आणि ध बिघडायला लागतात.