मिशन स्टेटमेंट एकीकडे आणि धंदा भलतीकडे चाललाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा मार्गदर्शन करा.

आम्ही दोघं पार्टनर ऑफिसातले प्रिंटर, यूपीएस वगैरे दुरुस्त करायचा व्यवसाय करतो. सुरुवातीलाच व्हिजन-मिशन लिहून काढलं होतं, मिशन एकच ओळ, "दुरुस्त होण्यासारखं मशीन भंगारात जाऊ द्यायचं नाही". वेबसाइटवर आहे, कोटेशनच्या खाली छापतो, नवीन पोरगा जॉइन झाला की पहिल्या दिवशी त्याला हेच ऐकवतो. आता झालंय असं की एका कंपनीने डीलरशिप देऊ केलीये, मार्जिन चांगलंय पण दर तिमाहीला ठरावीक नवीन मशीन खपवायचं टार्गेट आहे, आणि पार्टनर म्हणतो घेऊन टाकू, मिशनचं काय एवढं, "ग्राहकाला योग्य पर्याय देणे" असं काहीतरी गोलमाल लिहू म्हणजे कोणाला बोट ठेवायला जागा नको.

मला पटत नाहीये, पण दुरुस्तीत पैसा कमी हे त्याचं म्हणणं खरंच आहे, पगार काय मिशनवर होत नाहीत. आणि मिशन बदलणं म्हणजे पाप असंही नाही ना, टेस्लाने २०१६ मध्ये 'शाश्वत वाहतूक'च्या जागी 'शाश्वत ऊर्जा' केलंच की. मग मिशन वाढवणं कुठे संपतं आणि पातळ करणं कुठे सुरू होतं? टार्गेट घेऊनही कोणी जुन्या मिशनला धरून राहिलंय का?

प्रतिसाद १

नवीन ओळ वाचून बघा, ती तुम्हाला कशाला तरी 'नाही' म्हणायला लावते का? टेस्लाच्या २०१६ च्या ओळीतही खनिज तेल बसत नव्हतं. "योग्य पर्याय" मध्ये मात्र काहीही बसतं, म्हणजे ती असून नसून सारखीच. अमेरिकेतल्या सीव्हीएस या औषध दुकानांच्या साखळीने २०१४ मध्ये स्वतःला आरोग्याची कंपनी म्हणवून घेतो म्हणून दुकानांतून सिगारेट काढून टाकल्या, वर्षाची साधारण २ अब्ज डॉलरची विक्री सोडून! उलट एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीच्या मूल्यांच्या यादीत सचोटी होतीच, हिशेबातल्या घोटाळ्यामुळे २००१ मध्ये दिवाळं निघालं तेव्हाही.

प्रतिसाद २

वरचं बरोबर आहे पण मोठ्या कंपन्यांचं सोडा, तुमच्याकडे कमिशन कोणाला मिळणार ते बघा आधी. मशीन उघडणाऱ्या टेक्निशियनलाच विक्रीवर कमिशन दिलंत आणि दुरुस्तीवर काहीच नाही, तर महिन्याभरात प्रत्येक मशीनचा बोर्ड "गेलेला" निघेल बघा, मिशन काहीही असो. तपासणाऱ्याला विक्रीचा एक पैसा द्यायचा नाही. आणि लेखी रिपोर्ट, काय बिघडलंय, पार्ट मिळतो का, खर्च किती, दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीत होत असेल तर नवीनचं कोटेशन द्यायचंच नाही. कंपनीला विचारा, टार्गेट न घेता ऑर्डरप्रमाणे माल देता का, मार्जिन कमी मिळेल पण गळ्याला फास नाही. शिवाय एएमसी (वार्षिक देखभालीचे करार) वाढवा, त्यात मशीन टिकलं की तुमचाच फायदा.

धागाकर्ता

धन्यवाद दोघांना. करारात टेक्निशियनसाठीच कमिशनचे स्लॅब दिलेत, आत्ताच उघडून बघितलं, पार्टनरला आज हेच दाखवतो. एक राहिलं, ज्या मॉडेलचे पार्ट कंपनीनेच बंद केलेत त्यांचं काय करायचं?

प्रतिसाद २

तिथे नवीन विका की बिनधास्त, तुमच्याच मिशनमध्ये "दुरुस्त होण्यासारखं" असं लिहिलंय. फक्त पार्ट बंद झाल्याचं कंपनीचं मेल रिपोर्टला जोडत जा.