प्रतिसाद: डर्टी मार्टिनी खारट का होते?

घरची डर्टी मार्टिनी (ऑलिव्हचं खारं पाणी घातलेलं व्होडकाचं कॉकटेल) नुसती खारट का लागते, असं वर विचारलंय. बहुतेक ऑलिव्हच्या बरणीतलं पाणी अंदाजाने ओतलं जातंय. 60 मिली व्होडका, 10 मिली ड्राय व्हरमूथ (वनस्पतींचा स्वाद दिलेली, गोड नसलेली वाइन) आणि ऑलिव्हचं खारं पाणी 15 मिली, बस. तेही आधी चाखून बघा; काही बरण्यांत व्हिनेगर इतकं असतं की लोणच्याचा खार परवडला! क्रॉफर्ड मार्केटातून अख्खी हिरवी ऑलिव्हं आणा. पिझ्झावरच्या काळ्या चकत्यांचं पाणी नको (मी केलंय, शाईची दौत धुतल्यासारखं दिसतं). भरपूर बर्फात अर्धा मिनिट ढवळायचं आणि फ्रीझरमधून काढलेल्या ग्लासात गाळायचं. आपल्या दमट हवेत त्याला लगेच घाम फुटतो, तेव्हा दांडीलाच धरा. आणि हो, उघडलेली व्हरमूथ फ्रिजमध्येच ठेवा, शेवटी ती वाइनच आहे.