मदत हवी आहे: वसाहतीतल्या गेलेल्या माणसांची पुस्तिका करतोय, सगळा मजकूर एकसारखाच येतोय

वसाहतवाला
घाईत लिहितोय. वर्षभरात आमच्यातली जी माणसं गेली त्यांची छोटी स्मरणपुस्तिका काढायचं मंडळाने ठरवलं आणि काम माझ्याकडे आलं. घरच्यांकडून मजकूर मागवला. आलेले कागद ओळीने वाचले तर एकच माणूस पुन्हा पुन्हा गेल्यासारखं वाटतं. प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू, अल्पशा आजाराने निधन, पश्चात मुलं, सुना, नातवंडं. सोबत दोन तारखा आणि कुठल्यातरी लग्नाच्या फोटोतून कापलेला चेहरा. ही माणसं मी लहानपणापासून बघितली आहेत, ती अशी एका छापाची नव्हती. मजकूर कसा मिळवायचा? कुणी असं काम केलंय का? लवकर सांगा, छापायला द्यायचंय.

मुठाकाठ
कोणती वसाहत? किती जण? किती पानं? कधीपर्यंत? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

छापखाना
सेंटर पिन मारणार असाल तर एकूण पानं चारच्या पटीत ठेवा, नाहीतर शेवटी कोरी पानं उरतात. एक अष्टमांश डेमी आकार पुरे. फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवले की बारीक होतात, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. आणि मजकूर युनिकोडमधून छपाईच्या श्रीलिपी फाँटमध्ये नेला की जोडाक्षरं तुटतात. प्रूफ स्क्रीनवर वाचू नका, कागदावर काढून वाचा. प्रत्येक नावापुढे घरच्यांची सही घ्या. गेलेल्या माणसाच्या नावात चूक झाली तर ती कायमची राहते.

वसाहतवाला
छपाई नंतर, मला मजकूर हवाय. पुण्यातलं गोखलेनगर. बत्तीस पानं. गणपतीच्या पहिल्या दिवशी वाटायची आहे.

मुठाकाठ
गोखलेनगर म्हणजे पानशेतच्या पूरग्रस्तांची वस्ती, हे आधीच सांगायला हवं होतं. मग अडचण कसली? ज्यांचं वय पंच्याहत्तरच्या आसपास किंवा पुढे होतं, त्या प्रत्येकाबद्दल एकच प्रश्न विचारा: १२ जुलै १९६१ ला ते कुठे होते? कुठल्या पेठेत राहत होते, पाणी आलं तेव्हा कुठे चढले, काय वाचलं, इथे घर मिळेपर्यंत कुठे काढले दिवस? माझी आई शेवटच्या वर्षात नातवंडांची नावं विसरायची, पण त्या दिवशी कुणाच्या माडीवर गेलो आणि तिथे कोण कोण होतं ते सगळं सांगायची. माणूस गेला की हे त्याच्याबरोबर जातं. पानशेत धरण फुटलं त्याची तारीख सरकारी कागदात राहील, ती माडी कुठेच राहणार नाही.

सह्यकडा
पानशेत फुटलं म्हणून पुण्यात पूर आला हे अर्धंच आहे. पानशेतचं पाणी आधी खडकवासल्यात आलं, तो बांध गेला आणि मग शहर बुडालं. पुस्तिकेत नीट लिहा.

मुठाकाठ
मी कुठे वेगळं म्हटलं? लोक पानशेतचा पूरच म्हणतात. ज्यांचं घर गेलं त्यांनीही तेच म्हटलं.

सह्यकडा
लोक म्हणतात म्हणून छापायचं का? पानशेतचं बांधकाम पूर्ण व्हायच्या आत पाणी अडवलं होतं, खडकवासला इंग्रजांच्या काळातला दगडी. शहराचं पिण्याचं पाणी तिथूनच यायचं. बांध गेला आणि पुराच्या पाठोपाठ पाण्याचे हाल सुरू झाले. हे एका परिच्छेदात प्रस्तावनेत घाला, प्रत्येकाच्या पानावर नको.

दर्भ
गणपतीत वाटू नका. पितृपंधरवडा त्यासाठीच आहे. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या, सवाष्ण गेलेल्यांसाठी अविधवा नवमी, अपघाताने गेलेल्यांसाठी चतुर्दशी. पहिल्या वर्षी भरणी श्राद्ध करावं की वर्षश्राद्धानंतर, यावर मतं वेगवेगळी आहेत, गुरुजींना विचारून घ्या.

निळीशाई
दर्भ, त्यांनी श्राद्धाबद्दल विचारलेलं नाही. आणि गोखलेनगरात बौद्ध आणि मुसलमान घरंही आहेत. त्यांच्या माणसांची पुस्तिका सर्वपित्रीला का वाटायची? सगळ्यांची मिळून एकच तारीख आहे, १२ जुलै. त्या दिवशी काढा.

वसाहतवाला
तारीख ठरली आहे. गणपतीत सगळ्या गल्ल्या एकत्र येतात, इतर वेळी येत नाहीत. पुढच्या जुलैपर्यंत थांबलो तर आज सांगू शकणारी माणसं तरी उरतील का? निळीशाई म्हणतात ते मात्र बरोबर. बुद्धवंदना, फातिहा, जे ज्या घरचं तेच त्या पानावर येईल. सगळ्यांच्या पानावर पणती छापणार होते, ती काढायला सांगतो.

कॅम्पातला
मृत्यूची नोंद २१ दिवसांत झाली नसेल तर पुढे विलंब शुल्क आणि परवानग्या लागतात. बँक, पेन्शन, घराचं नाव सगळं त्या दाखल्यावर अडतं. घरच्यांकडे जाताय तर हेही विचारा.

वसाहतवाला
दाखले सगळ्यांचे झालेत. माझा प्रश्न मजकुराचा आहे.

अबोली
यादीत बायका किती आहेत?

वसाहतवाला
निम्म्याहून जास्त. पण त्यांच्याबद्दल ‘अमुक यांच्या पत्नी, तमुक यांच्या मातोश्री’ एवढंच आलंय.

अबोली
मग खरी अडचण ही आहे आणि ती तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये लिहिलीच नाही. मजकूर कोण पाठवतं? मुलगा. मुलाला आई स्वयंपाकघरातली माहीत असते. मुलीकडे जा, सुनेकडे जा, आणि मुख्य म्हणजे ज्या बाई रोज संध्याकाळी तिच्याबरोबर पायरीवर बसायच्या त्यांच्याकडे जा. माहेर कुठलं, कितवीपर्यंत शिकली, शाळा का सुटली, पहिली स्वतःची कमाई कशाची, भिशी कुणाकडे, कुणाशी बोलणं बंद होतं आणि का. गुण विचारायचेच नाहीत, ‘कशा होत्या’ विचारलं की प्रेमळ हेच उत्तर येतं. ‘सकाळी उठल्यावर पहिलं काय करायच्या’ हे विचारा.

सह्यकडा
कुणाशी बोलणं बंद होतं हे छापणार? भांडणं लावायची आहेत का? गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं.

अबोली
सगळं छापा म्हटलं नाही, विचारा म्हटलं. विचारल्याशिवाय काय ठेवायचं ते कसं कळणार? आणि चांगलंच लिहायच्या आग्रहामुळेच तर यांच्याकडे इतक्या जणांचा एक मजकूर जमलाय.

पाळीवाला
कामाचं विसरू नका. त्या भागातले कितीतरी जण पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये नाहीतर खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. कारखान्यातल्या मित्रांकडे जे सापडतं ते घरात कुणाला ठाऊक नसतं. आमच्या खात्यातला एक जण तीस वर्षं बासरी वाजवायचा, जेवणाच्या सुट्टीत, फक्त आमच्यासमोर. तो गेल्यावर मी घरी भेटायला गेलो तेव्हा बायकोला आणि मुलांना ते पहिल्यांदा कळलं. मुलाने मला पुन्हा पुन्हा विचारलं, कोणतं गाणं? निवृत्त कामगारांचे व्हॉट्सॲप गट असतात, तिथे नुसतं नाव टाका. अर्ध्या तासात बोलायला लागतील.

वसाहतवाला
दोन दिवस फिरलो, अबोली आणि पाळीवाला यांनी सांगितलं तसं. घरी न जाता आधी शेजारी आणि मैत्रिणींकडे गेलो. एका काकूंचं पान असं झालंय, नाव काढून इथे टाकतो. घरून ‘प्रेमळ, धार्मिक वृत्तीच्या’ एवढं आलं होतं.

‘जन्म शनिवार पेठेत, घर नदीपासून जवळ. पूर आला तेव्हा दहा वर्षांच्या. धाकट्या भावाला कडेवर घेऊन शेजारच्या वाड्याच्या माडीवर चढल्या आणि संध्याकाळपर्यंत त्याला खाली ठेवलं नाही. त्या वर्षी शाळा सुटली ती पुन्हा सुरू झाली नाही. लग्न होऊन याच वसाहतीत राहिल्या. पहाटे चारला स्टोव्ह पेटायचा, पहिल्या पाळीला जाणाऱ्यांचे डबे करायच्या. १९८९ साली टेल्कोचा संप होता तेव्हा कुणाचाही डबा बंद केला नाही. उधारीची वही होती, ती कुणाला दाखवली नाही आणि कुणाच्या दारात जाऊन मागितलंही नाही. रागीट होत्या. डबा न धुता परत आला तर दुसऱ्या दिवशी त्यात नुसता भात असायचा.’

अबोली
हे वाचून मला त्या काकू दिसल्या. असंच करा सगळ्यांचं.

सह्यकडा
‘रागीट होत्या’ काढा. घरच्यांना चालणार नाही.

वसाहतवाला
सुनेला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तो शब्द काढलात तर आमच्या सासूबाईच नाहीत त्यात. मुलाने फक्त टेल्कोच्या ओळीवर विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्याला माहीत नव्हतं.

अजून एक राहिलंय. यादीतले सगळे म्हातारे नाहीत. चोवीस वर्षांचा एक मुलगा आहे, दुचाकीवर गेला. आईकडे दोनदा जाऊन दारातून परत आलो, विचारवत नाही. त्याच्या पानावर काय लिहू? पूर नाही, नोकरी नुकतीच लागली होती.

पाळीवाला
आईकडे एवढ्यात जाऊ नका.

ताशा
ढोलपथकात होता का? त्या वयाचं आपल्याकडे कुणी ना कुणी असतंच. असेल तर पथकात विचारा. कुठल्या रांगेत उभा राहायचा, ढोलाचं फाटलेलं पान कोण बदलायचं, सरावाला उशीर झाला की काय सांगायचा. आमच्या पथकातली एक मुलगी गेली तेव्हा आम्ही मुलांनी मिळून तिच्याबद्दल लिहिलं आणि मोठ्या माणसाने एकही ओळ बदलली नाही. चोवीस वर्षं कमी नसतात. मित्रांनाच लिहू द्या, तुम्ही लिहू नका. लिहून झालं की तेच आईला नेऊन देतील, ते तिच्या घरात नेहमी जातात.

वसाहतवाला
होता पथकात. नदीपात्रात सराव चालू आहे, आज संध्याकाळी जातो. हे मला सुचलं नसतं.

निळीशाई
पुस्तिका झाली की पीडीएफ इथे टाकाल का? पणती काढली त्याबद्दल आभार.

छापखाना
पीडीएफ टाकण्याआधी प्रत्येक घराची वेगळी परवानगी घ्या. जन्मतारीख, पूर्ण नाव आणि फोटो एकत्र बाहेर गेले की कुणीही वापरतं. छापील प्रतीत पूर्ण तारीख, बाहेर जाणाऱ्या प्रतीत फक्त साल, असं करा. आणि मजकूर वाढलाय, बत्तीस पानांत बसणार नाही. अडतीस लागत असतील तर चाळीस धरा.