नवा डस्टर धुवायचा का? (बी विंगच्या ग्रुपवर)

*बी-२०३:* मंडळी, एक विचारायचं होतं. गाडी पुसायला तो लाल सुती झुपक्यांचा डस्टर आणलाय. हाताला मेणचट लागतंय. आपली गाडी काळी, बोनेटवर फिरवला तर तेलकट पट्टे उमटले. सर्फात बुचकळून काढू का?

*बी-१०२:* काढा की. नवीन कापड धुऊनच वापरायचं असतंय.

*बी-३०४:* ओ थांबा थांबा! बुचकळू नका. ते मेण मुद्दाम घातलेलं असतंय. धाग्यात पॅराफिन वॅक्स मुरवतात, धूळ त्यालाच चिकटते. मेण गेलं की हातात राहिलं काय, दांड्याला बांधलेलं सूत.

*बी-२०३:* मग पट्ट्यांचं काय करू काका?

*बी-३०४:* नवीन आहे तोवर मेण जादा असतंय. खाली चार पदरी जुना 'पुढारी' पसरा आणि त्यावर डस्टर उपडा ठेवा, एक-दोन दिवस. जादाचं मेण कागद ओढून घेतो. पेपर बदला, नवीन कागदावर डाग उठायचा बंद झाला की वापरायला काढा. आणि पहिल्यांदा काचेवर नको. काचेवर मेण बसलं की पावसात वायपर नुसता फरकटतोय, समोरचं काय दिसत न्हाई.

*बी-१०२:* काका, पेंट शॉपमध्ये हेच करत होता काय नोकरीत? 😄

*बी-३०४:* शिरोलीच्या एमआयडीसीत उभं आयुष्य गेलं भावा, रंगाच्या वासात. म्हणून सांगतोय. रंगावर जो चकचकीत क्लिअर कोट असतोय तो साधारण ४०-५० मायक्रॉनचा. आपला केस त्याच्यापेक्षा जाड भरतोय. तेवढ्याशा थरावर लोक डस्टर दाबून गोल गोल घासत्यात आणि मग उन्हात गाडी लावली की कोळ्याच्या जाळीसारखे ओरखडे दिसत्यात म्हणून कंपनीच्या नावानं बोंब. डस्टर दाबायचाच न्हाई. त्याच्या वजनानं टेकंल तेवढाच टेकवायचा, आणि एका दिशेनं ओढायचा. टपापासून सुरुवात, दरवाजाचा खालचा भाग शेवटी. चाकांना तर लावायचाच न्हाई.

*सेक्रेटरी:* कृपया नोंद घ्यावी. आज टाकी साफ करायची असल्याने ११ ते १ पाणी बंद राहील.

*बी-४०१:* आमच्या गाडीवर सकाळी सकाळी काळे कण पडलेले असतात. हंगाम सुरू झाला की रोजचंच आहे. डस्टर मारला तर काळं सगळं फासलं जातंय, निघत नाही.

*बी-३०४:* ती चिपाडाची राख. कारखान्याच्या बॉयलरची असू दे न्हाईतर गुऱ्हाळाच्या चुलीची, उसाच्या राखेत सिलिका भरपूर असतंय, म्हणजे वाळूच की. त्यात थंडीत दंव पडलेलं, त्याचा होतोय लगदा. दंव वाळल्याशिवाय डस्टर लावूच नका. ओल्या गाडीवर मेणाचा डस्टर म्हणजे गाडीपण गेली आणि डस्टरपण.

*बी-१०२:* फाउंड्रीत, ओतकामाच्या कारखान्यात, गाडी लावतो त्यांचं काय? संध्याकाळी बोनेटवर बोटानं नाव लिहिता येतंय.

*बी-३०४:* तुझं केस अवघड आहे. मोल्डिंगची वाळू, वर ग्राइंडिंगचा लोखंडी चुरा. असल्या धुळीला डस्टर न्हाईच. आधी पाणी सोडायचं, कण वाहून गेलं पाहिजेत, मग ओल्या मायक्रोफायबरनं पुसायचं. हायवेच्या कामाची खडीची धूळ असली तरी तेच. डस्टर कशासाठी, तर दोन दिवस पार्किंगमध्ये उभी राहून जी बारीक पांढरी धूळ बसती तेवढ्यासाठी.

*सेक्रेटरी:* पाईप लावून गाडी धुण्यास मनाई आहे, ठराव झालेला आहे.

*बी-३०४:* व्हय ओ साहेब, अर्धी बादली आणि मग्गा पुरतोय.

*बी-४०२:* काका, आमच्याकडे निळा आहे, जाड शेवयांसारखा. त्याला पण मेण असतंय का?

*बी-३०४:* न्हाई ताई, तो मायक्रोफायबर. त्याचं शास्त्र उलटं. तो धुवायलाच पाहिजे, न्हाईतर आतली वाळू गाडीवर परत घासती. दांड्यावरनं खोळ निघती बघा. कोमट पाणी, थोडं लिक्विड, बास. कम्फर्ट-बिम्फर्ट घालू नका, धागे बुळबुळीत होतात आणि धूळ धरत न्हाईत. ब्लीच न्हाई, कडकडीत पाणी न्हाई. टॉवेलाबरोबर मशीनला टाकला की सगळी लव त्याला चिकटती. सावलीत वाळवा.

*बी-४०२:* बरं झालं सांगितलं. मी चाललो बाजारला, आल्यावर बघतो.

*बी-२०३:* मग हा लाल कधीच धुवायचा नाही?

*बी-३०४:* काळा पडला म्हणून धुवायचा न्हाई. थोडा मळला की उलट जास्त धूळ धरतोय. वापरून झाला की झटकायचा, एवढीच त्याची सेवा. खाली पडून खडी-माती लागली, न्हाईतर ऑइल-चिखल लागला तरच धुवा. गार पाणी, भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब, धागे तळहातात घेऊन हलकं चोळायचं, साबण पूर्ण जाईपर्यंत खंगाळायचं, झटकून सावलीत टांगायचं. मशीन न्हाई, ड्रायर न्हाई. थोडं मेण जातंयच, सारखं धुतलं की बाद होतोय. आणि बारीक खडा अडकलेला दिसला तर धुण्याच्या भानगडीत पडू नका, तो डस्टर घरातल्या पंख्याला ठेवा.

*बी-४०१:* आणि ठेवायचा कुठं? आमचा मागच्या काचेपाशी असतो.

*बी-३०४:* मे महिन्यात बघा मग सीटवर काय होतंय ते. मेण पातळ होऊन डाग पडतोय. पिशवीत घालून डिकीत ठेवा, जॅक-पान्याला लागणार न्हाई असा.

*बी-१०१:* सगळं खरं. पण झटकायचा कुठं ते पण सांगा काका. आमच्या गॅलरीखाली येऊन झटकतात सगळे, वाळत घातलेल्या कपड्यांवर धूळ. गाड्या पुसायला येणारा पोरगा तर खांबावर आपटतोय.

*बी-३०४:* खांबावर आपटला तर प्लास्टरची वाळू धाग्यात शिरती. आणि सात गाड्यांना एकच डस्टर घेऊन फिरतोय तो, हे पण बघा की कुणीतरी. ज्याचा त्याचा डस्टर त्याला काढून द्या.

*बी-२०३:* मी तर आजच देतो. पेपरवर ठेवलाय आत्ता गॅलरीत. बायको विचारायलीय, काय सांडलंय म्हणून 😂

*सेक्रेटरी:* झटकण्यासाठी जनरेटरच्या मागची जागा वापरावी. तिथे कुणाची गॅलरी नाही.

*बी-१०१:* तिथं माझी स्कूटर असते 🙏