गिटारचा आवाज गोधडीखालून येतोय – बफर घेऊ की बूस्ट? (बजेट ५ हजार)

कोथरूडचा_सहातारी – रात्री ११:१२
नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसताच वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय. सांभाळून घ्या.

आमचा पाच जणांचा ऑर्केस्ट्रा आहे. गणपतीत मंडळांच्या सुपाऱ्या, बाकी वर्षभर लग्नं आणि एकसष्ट्या. गिटार स्ट्रॅटच्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) घडणीची, तीन सिंगल कॉइल पिकअप, म्हणजे तारांचा सूर उचलणारी चुंबकाची गुंडाळी. पूर्वी वायर थेट अँपमध्ये जायची. मग एकेक करत पेडलं (पायाने दाबून आवाज बदलायचे डबे) वाढली. फझ (आवाज फाडणारा), ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह, कोरस, डिले, या क्रमाने. सगळी ट्रू बायपास (बंद असताना सिग्नल आतल्या सर्किटला न शिवता सरळ पुढे जातो), मुद्दाम बघून घेतलेली. आता सगळी बंद ठेवून वाजवलं तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो, वरची धार गायब. गंमत म्हणजे कोरस चालू केला की जरा उघडतो.

गिटारपासून पेडलांच्या बोर्डापर्यंत ६ मीटर वायर, बोर्डापासून अँपपर्यंत अजून ६. सोलोला आवाज थोडा वर यायला हवाच आहे, म्हणून बूस्ट पेडल बघत होतो. दुकानदार म्हणाला, बूस्ट घ्या, बफरचं (लांब वायरीत सिग्नल मरू न देणारं सर्किट) कामही त्यातच होतं. खरं आहे का? बजेट ५ हजार. वर एक रुपया नाही, घरी ऑडिट होतं.

न्यूजर्सीचे_नाना – रात्री ११:३१
५ हजारात टोन वाचत नाही, मनस्ताप मिळतो. सरळ एक्झॉटिकचा ईपी बूस्टर घे. जुन्या एकोप्लेक्स ईपी-३ नावाच्या टेप एकोचा जो प्रीअँप होता, त्यावर बेतलेला आहे. २० डेसिबलपर्यंत बूस्ट. माझा पाच वर्षं बोर्डावर आहे, एकदाही बंद केलेला नाही. डिसेंबरात पुण्याला येतोय, आणतो हवा तर. पैसे डॉलरमध्ये.

तारझंकार – रात्री ११:४०
नानांना +१. ईपी बूस्टरच. माझ्याकडे नाहीये पण मित्राचा ऐकलाय.

बाबा_बास – रात्री ११:५८
पेडलबिडल काही नको. वायर बदल. आमच्या वेळी बूस्ट नव्हते, बफर नव्हते, एक चांगली वायर आणि बोटं. मी १९९४ पासून एकच वायर वापरतोय. दोन वेळा टोकं बदलली आणि एकदा मधला तुकडा.

तारझंकार – रात्री १२:०३
बाबा, मग ती तीच वायर कशी? हलके घ्या.

जुना_सोल्डर – रात्री १२:२०
सहातारी, उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय. कोरस चालू केल्यावर आवाज उघडतो ना? पेडल चालू असलं की आतलं सर्किट पिकअपचा सिग्नल उचलतं आणि पुढच्या वायरीत जोरात ढकलतं. तेवढ्यापुरता तो बफरच झाला. ते बंद केलं की ट्रू बायपास म्हणजे नुसता तारेचा तुकडा. पाचही बंद असली की बिचाऱ्या पिकअपला एकट्याने सगळी वायर ओढावी लागते.

आकड्यांत सांगतो. साध्या गिटार वायरीला मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स धरा, वरची धार खातो तो हाच. ६ आणि ६, वर पॅच वायरी मिळून अडीच-तीन मीटर, झाले १,५०० पिकोफॅरड. स्ट्रॅटच्या पिकअपचं इंडक्टन्स अडीच हेन्रीच्या आसपास. या दोघांच्या जोडीने आवाजात एका जागी टेकाड तयार होतं आणि त्याच्या वरचं झपाट्याने उतरत जातं. नुसती ६ मीटरची वायर असताना हे टेकाड ४ हजार हर्ट्झच्या जरा वर असतं. १५ मीटरला ते २,६०० वर घसरतं. तुमची गोधडी ती हीच.

बफर घेताना इनपुट इम्पिडन्स (सिग्नलला होणारा अडथळा) ५०० किलोओम ते १ मेगाओम आणि आउटपुट १ किलोओम किंवा त्याहून कमी, एवढं बघा. एकदा गेलेली धार तो परत आणत नाही, त्यामुळे गिटारच्या जितका जवळ तितका बरा. बोर्डाच्या शेवटी लावाल तर फक्त अँपकडची ६ मीटर वाचेल.

दुकानदार अर्धं खरं बोलला. बूस्ट चालू असेपर्यंत बफरचं काम करतो. ट्रू बायपासवाला बूस्ट सोलो संपल्यावर बंद केलात की पुन्हा गोधडी. नानांचं भागतं कारण ते तो बंदच करत नाहीत.

बाबा_बास – सकाळी ७:०५
म्हणजे वायरच. मी आधीच म्हणालो होतो.

मडगांवकार – सकाळी ८:४४
ते सगळं ठीक, पण अ‍ॅडाप्टरचं बघ रे आधी. मी एक बूस्ट घेतला होता, कंपनीचं नाव नको. घरातला एक अ‍ॅडाप्टर ९ व्होल्टचाच होता, लावला. बहुतेक पेडलांना मधे मायनस लागतं, याच्या मधे प्लस होतं. फुस्स झालं, वास आला, आणि साडेतीन हजार गेले. वॉरंटीवाला म्हणाला, ग्राहकाची चूक. चूक माझीच होती, पण दहा रुपयांचा डायोड घालायला काय जात होतं त्यांचं?

आणि मांडवात वाजवणार असशील तर अर्थिंग बघ. पेडण्याला एका जत्रेत तारांवर हात ठेवून माइकला ओठ लागले आणि असा फटका बसला की अंतरा विसरलो.

तारझंकार – सकाळी ९:१०
अर्थिंगला +१. घूं घूं येते म्हणून काही जण तीन पिनांतली अर्थची पिन कापतात. कापू नका हो.

मडगांवकार – सकाळी ९:१६
आमच्याकडे साउंडवाल्यानेच कापली होती.

बाबा_बास – सकाळी ९:२५
मंडळांनी डीजे लावायचे बंद केले तर ऑर्केस्ट्राला चांगला लाइटवाला परवडेल. मूळ प्रश्न तो आहे.

जुना_सोल्डर – सकाळी ९:४०
बाबा, मूळ प्रश्न बफरचा आहे.

आयटीआय_वायरमन – सकाळी १०:१५
विकत कशाला घेताय? तपकीर गल्लीत टीएल०७२ आयसी, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन जॅक. एका दुपारचं काम. मी पहिला बफर साबणदानीत बसवला होता. प्लॅस्टिकची. चालू केल्यावर घरातली ट्यूबलाइट गिटारमधून बोलायला लागली. मग अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात हलवला आणि डब्याला ग्राउंड जोडलं. चार वर्षं झाली, ठणठणीत. खर्च किती ते सांगत नाही, नानांना वाईट वाटेल.

फझवाली – सकाळी ११:०२
थांबा जरा. फझ पहिला आहे असं लिहिलंय. कुठल्या जातीचा? फझ फेस या जुन्या पेडलच्या घराण्यातला, जर्मेनियम ट्रान्झिस्टरवाला असेल तर त्याच्या आधी बफर अजिबात लावू नका. त्याचं इनपुट इम्पिडन्स मुळातच कमी असतं आणि त्याला थेट पिकअपशी बोलायचं असतं. मधे बफर आला की गिटारचा व्हॉल्यूम कमी करून आवाज साफ करायची जी मजा असते ती संपते, वर आवाज करवतीसारखा होतो.

मी हे गॅदरिंगमध्ये भोगलंय. बफरवाला ट्यूनर हौसेने सगळ्यात पुढे लावला. शांत कडव्याला व्हॉल्यूम तीनवर आणला तरी करवत चालूच. गायिकेने वळून बघितलं ते अजून आठवतं.

न्यूजर्सीचे_नाना – सकाळी ११:२०
जर्मेनियम फझ असला तर ईपी बूस्टर त्याच्या नंतर लाव. उत्तम चालतो.

कोथरूडचा_सहातारी – दुपारी १:३५
सगळ्यांचे आभार. फझ जर्मेनियमच आहे, फझवालीताई वाचवलंत.

कपाट आवरताना एक बॉसचा एसडी-१ ओव्हरड्राइव्ह सापडला, कॉलेजात असताना घेतलेला पिवळा. ट्रू बायपास नाही असं कुठेतरी वाचलं म्हणून बोर्डावरून काढला होता. तो विकून बजेट वाढवू का?

जुना_सोल्डर – दुपारी १:५०
विकू नका!! बॉसचा एसडी-१ बंद असतानाही सिग्नल त्याच्या बफरमधूनच जातो. इनपुट आणि आउटपुट साधारण मी वर लिहिलं तसंच. फझच्या लगेच नंतर ठेवा आणि बंदच राहू द्या. फझ बंद असला की पिकअपला फक्त पहिली ६ मीटर आणि एक पॅच वायर ओढायची. तुमचा बफर कपाटात होता.

तारझंकार – दुपारी १:५३
काखेत कळसा!

आयटीआय_वायरमन – दुपारी २:३०
आणि बूस्टही तोच. ड्राइव्हचा नॉब शून्यावर, लेव्हल वर. खर्ज थोडा कमी होतो आणि मधला भाग पुढे येतो, पण सोलोला तेच हवं असतं, कीबोर्डच्या वर गिटार ऐकू येते. फक्त अँप स्वच्छ ठेवा. अँप आधीच फाटत असेल तर पुढून कितीही ढकला, आवाज वाढत नाही, नुसता मळतो.

मडगांवकार – दुपारी ३:०५
आमचा साउंडवाला मी बूस्ट दाबला की माझा फेडर (मिक्सरवरची आवाजाची पट्टी) खाली करायचा. सहा महिने आमची ही रस्सीखेच चालली. शेवटी सोलो कुठे आहेत ते कागदावर लिहून दिलं, तर म्हणतो, आधी सांगायचं ना.

बाबा_बास – दुपारी ३:४०
बॉसच्या बफरने टोन मरतो असं मी ऐकलंय.

जुना_सोल्डर – दुपारी ३:५२
बाबा, हे ऐकायचं नसतं, हे करून बघायचं असतं. सहातारी, एक छोटी वायर घ्या, तीन मीटरची. थेट अँपमध्ये घालून वाजवा. मग लगेच पूर्ण बोर्डातून, सगळं बंद ठेवून, तेच दोन सूर. मग एसडी-१ घालून पुन्हा. अँपच्या नॉबला हात लावू नका. मोबाइलवर रेकॉर्ड करा, घरच्या कोणाला तरी न सांगता ऐकवा.

न्यूजर्सीचे_नाना – दुपारी ४:१५
मग बूस्टर आणायचा नाही का?

कोथरूडचा_सहातारी – दहा दिवसांनी, रात्री १०:४५
अपडेट देतो.

जुना_सोल्डर यांनी सांगितल्याप्रमाणे केलं. बायकोला तीन तुकडे ऐकवले. ती म्हणाली, पहिला आणि तिसरा सारखे, दुसऱ्याच्या वेळी पंखा चालू होता का? दुसरा म्हणजे एसडी-१ नसलेला. एवढा फरक! फझही पूर्वीसारखा साफ होतो. एक पैसा खर्च नाही.

पण. शनिवारी सुपारी झाली. आता धार इतकी परत आली आहे की ब्रिज पिकअपवर (घोडीजवळचं, सगळ्यात धारदार) कानात सुई गेल्यासारखं होतं. इतके महिने गोधडीत वाजवून हात जोरात पडायची सवय लागली असावी. आमचा गायक मध्यंतरात म्हणाला, तुझी गिटार पूर्वी बरी होती.

म्हणून काल ९ मीटरची गुंडाळीची वायर घेतली, जुन्या टेलिफोनला असायची तशी. गिटार ते फझ तीच लावली. सुई गेली, गोधडीही नाही. झकास.

जुना_सोल्डर – रात्री १०:५८
अहो!! गुंडाळीत तार आणखी लांब असते. तेवढे पिकोफॅरड तुम्ही पैसे देऊन परत आणलेत, आणि तेही बफरच्या आधी, जिथे त्याचा काहीच उपाय चालत नाही. गिटारचा टोन नॉब थोडा कमी केला असतात तर फुकटात झालं असतं.

कोथरूडचा_सहातारी – रात्री ११:०६
केला असता. पण स्ट्रॅटच्या पारंपरिक जोडणीत ब्रिज पिकअपला टोन नॉब जोडलेलाच नसतो. माझीही तशीच आहे, उघडून बघितली.

जुना_सोल्डर – रात्री ११:०९
बरोबर. पण मग पिकअप निवडायच्या स्विचवर तारेचा एक तुकडा लावला की जोडला जातो.

आयटीआय_वायरमन – रात्री ११:१२
या की माझ्याकडे, दहा मिनिटांचं काम. चहा पाजा.

फझवाली – रात्री ११:२०
गिटारवादक जिमी हेंड्रिक्सही गुंडाळीची वायर वापरायचा आणि पुढे फझ फेस. त्या आवाजात त्या वायरीचाही वाटा होता. मला तरी सहातारींचं पटतंय.

बाबा_बास – रात्री ११:२४
वायरच. पहिल्या दिवसापासून सांगतोय.

कोथरूडचा_सहातारी – रात्री ११:३१
वायरमनदादा, चहा नक्की, पण वायर राहू दे. स्टेजवर दिसते फार छान, आणि गायकाचा पाय अडकला तरी ताणते, गिटार हातातून ओढली जात नाही. ४,९५० पडले. ऑडिट पास.

न्यूजर्सीचे_नाना – रात्री ११:५०
रंग कुठले कुठले आहेत?